निर्वासितांच्या आईची शाळा

गेल्या महिन्यांत इंग्लंडांतून आमच्या भाचीचें पत्र आलें. पत्र आलें म्हणजे तें माजघरांत सर्वांसमक्ष वाचावें असा आमच्या घरचा जुना प्रघात आहे. त्याप्रमाणें येथें इंदुरीस, दिवेलागणीनंतर, आम्हीं तें वाचलें. भाची राहते त्या गांवीं निर्वासित स्त्रियांसाठीं इंग्रजीचा एक वर्ग चालतो व आठवड्यांतून एक दिवस ती तेथें विनावेतन शिकवावयास जाते. वर्ग भरून गेला असून बाहेर तिष्ठत असलेल्या स्त्रियांची यादी वाढत चालली आहे. सबब दुसरा वर्ग काढावा व तो तिनें चालवावा, अशी तिला विनंति झाली आहे. तिचें विचारणें एवढेंच कीं, "मामा, माझींही मुलें लहान आहेत. आपलें घर सोडून परक्यांना शिकवीत बसणें योग्य कीं अयोग्य?"

पत्रांत एक प्रसंग लिहिला होता. सिरियांतून आलेली एक स्त्री दवाखान्यांत गेली, तेव्हां ती आणि डॉक्टर यांच्यामध्यें दुभाषी म्हणून तिचा नऊ वर्षांचा मुलगा उभा होता. दुखणें असें कीं तें मुलापाशीं उच्चारवेना. ती कांहीं न बोलतां, औषधावांचून परत आली. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस याचें मर्म उलगडून सांगावयास नको. परक्या देशांत मूल शाळेंत जाऊन थोड्याच काळांत भाषा उचलतें, बाप कामावर चार शब्द शिकतो, आई मात्र चुलीपाशीं राहते. पाहतां पाहतां तें पोर घरचें कर्तें होतें आणि जिनें बोलावयास शिकविलें ती माता मुकी होते.

निर्वासितांचा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाहीं. १९४० सालीं सोव्हिएत सत्तेनें पूर्व पोलंडांतील असंख्य कुटुंबें सैबेरिया व कझाकस्तान येथें हद्दपार केलीं. १९४१ सालीं त्यांची सुटका झाली व १९४२ सालीं त्यांपैकीं पुष्कळ लोक इराणांत पोहोंचले. त्यांतील सुमारें ५,००० जणांस १९४३ ते १९४८ या काळांत कोल्हापुराजवळ वळिवडें येथें आश्रय मिळाला. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुलेंच होतीं. त्यांनीं तेथें आपलें प्रार्थनामंदिर, आपलें नाट्यगृह व आपल्या शाळा उभ्या केल्या. शाळेचें माध्यम पोलिश होतें, जोडीला इंग्रजी होती. आपली भाषा घरासाठीं व दुसरी वाटेसाठीं, असा तो विवेक होता.

पुढें ती वाटच त्यांच्या नशिबीं आली. युद्ध संपलें तेव्हां मायदेशीं कम्युनिस्टांची सत्ता होती आणि अनेकांचीं गांवें तर पोलंडांत राहिलींच नव्हतीं. कोणी ब्रिटनची, कोणी ऑस्ट्रेलियाची, कोणी कॅनडाची वाट धरली. ब्रिटननें १९४७ सालीं पोलिश लोकांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. त्यांच्या शिक्षणासाठीं एक स्वतंत्र समिति १९४७ पासून १९५४ पर्यंत काम करीत होती व इंग्रजी शिकविणें हें तिचें एक मुख्य कार्य होतें. तथापि पुष्कळ कुटुंबें ओसाड पडलेल्या लष्करी छावण्यांतून वर्षानुवर्षें राहिलीं. शेजारी सारे आपलेच, तेथें वडीलधाऱ्या स्त्रियांस इंग्रजी कानीं तरी कशी पडावी? वस्ती दिल्यानें निवारा मिळतो, शेजार मिळत नाहीं, हा त्यांतील धडा होय.

तो धडा ब्रिटनच्या सरकारास अर्धाच उमगला असें दिसतें. सप्टेंबर २०१६ मध्यें सिरियांतील निर्वासितांच्या जादा इंग्रजी शिक्षणासाठीं पांच वर्षांकरितां एक कोटी पौंड जाहीर झाले. आठवड्यास बारा तास, सहा महिनेपर्यंत, अशी ती योजना होती. उलटपक्षीं, इंग्लंडांत परभाषिकांस इंग्रजी शिकविण्यासाठीं २००८ सालीं जे सुमारें २१ कोटी पौंड मिळत, ते २०१८ सालीं साडेदहा कोटींवर आले होते. एका हातानें ओंजळ भरावी आणि दुसऱ्यानें रांजण रिता करावा, तसेंच हें झालें.

कोणी म्हणेल, परभाषा शिकवूं लागलों तर त्यांची स्वभाषा बुडेल. ही शंका निराधार नव्हे. आमच्या तळेगांवाहून पुण्यास जातांना आगगाडीच्या वाटेवर पिंपरी लागते. फाळणीनंतर तेथील छावणींत सिंधी कुटुंबें येऊन राहिलीं. शून्यांतून त्यांनीं दुकानें थाटलीं आणि गिऱ्हाइकाशीं बोलतां बोलतां मराठी आत्मसात केली. १९६७ सालीं सिंधीस राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांत स्थानही मिळालें. परंतु आज अनेक सिंधी घरांतून नातवंडें आजीशीं हिंदींत बोलतात. याचा दोष नव्या भाषेस देतां येत नाहीं. भाषा टिकते ती घरांत कोणी आग्रहानें बोललें तर. ब्रिटनमधील पोलिश मंडळी आजही शनिवारच्या शाळांतून मुलांस स्वभाषा शिकवितात, तीं मुलें इंग्रजींत मागें पडल्याचें ऐकिवांत नाहीं.

आतां शिकवावें कसें? आम्हीं आयुष्यभर मुलांकडून शब्दरूपावली घोकून घेतली. परंतु ती पद्धति येथें उपयोगी नाहीं, हें आम्ही प्रांजळपणें कबूल करतों. आधीं आपलें नांव, घरचा पत्ता. मग "मुलास ताप आहे," "येथें दुखतें," "पुन्हां सावकाश सांगा," अशीं वाक्यें. बसचा फलक, शाळेची चिठ्ठी, औषधाच्या बाटलीवरील मजकूर, हींच तिचीं क्रमिक पुस्तकें. व्याकरण मागाहून आपल्या पायांनीं येईल. वर्ग सकाळीं, मुलें शाळेंत असतां भरवावा. आणि जीं शाळेंत जाण्याइतकीं मोठीं नाहींत, त्यांस सांभाळावयास शेजारची खोली असावी. या एका खोलीवांचून आईस वर्गांत येतांच येत नाहीं.

एवढें सर्व आम्ही माजघरांत सांगत होतों, तेव्हां आमच्या ज्येष्ठ भगिनी, म्हणजे भाचीच्या मातुःश्री, गप्प बसल्या होत्या. गेल्या वर्षीं लेकीकडे त्यांचा सहा महिने मुक्काम झाला. त्या हळूच म्हणाल्या, "दार वाजलें कीं मी नातवाला हांक मारीत असें. तो शाळेंत असला तर दार उघडीतच नसें. मला तर परत यावयाला घर होतें. त्या बायकांना तेंही नाहीं."

मग आणखी युक्तिवादाची आवश्यकता उरली नाहीं. आम्हीं भाचीस लिहिलें कीं, दुसरा वर्ग अवश्य काढ. पत्राखालीं अक्कांनीं आपल्या हातानें दोन ओळी घातल्या: "येत्या उन्हाळ्यांत मी येतें. तुझीं आणि त्यांचींही पोरें मी सांभाळीन. पोर मांडीवर घ्यावयास इंग्रजी लागत नाहीं. आणि जागा उरली, तर मागच्या बाकावर मलाही बसूं दे."