खांबाचा पाय कोरडा, तर घर बळकट



नॉर्वे-रशियासारख्या थंड मुलुखात ओंडक्यावर ओंडका आडवा रचून घर बांधतात. तिथं देवदार-चीडसारखी सरळसोट झाडं मिळतात आणि जाड भिंत थंडी अडवते. आपल्या पनवेल भागात मात्र चार महिने धो धो पाऊस, वर वाळवीचा जाच. इथं आडवे ओंडके रचले तर सांध्यासांध्यात पाणी मुरेल. म्हणून आपल्या वाडवडिलांनी लाकूड उभं केलं. सागाचे, ऐनाचे खांब, वर आढं आणि वासे, आणि भिंतीला कारवीचा कुड. ठाकूर-कातकरी वाड्यांवर असे कुड आजही दिसतात. घराचा भार खांबांवर असतो, कुड नुसता आडोसा. तो खराब झाला तर घर न पाडता बदलता येतो.

"लाकडाचं घर टिकत नाही," असं म्हणून पुष्कळजण जुनं घर पाडतात आणि चांगलं लाकूड मातीमोल भावानं देऊन टाकतात. असं करण्याआधी खांब तपासा. जमिनीलगत सुरीचं टोक खुपसून पाहा. कूज बहुधा तिथंच असते, कारण तिथं ओल आणि हवा दोन्ही मिळतात. वरचं लाकूड ठणठणीत असेल, तर जाणत्या सुताराकडून वाशांना टेकू देऊन घ्या. कुजलेला भाग कापून त्या जागी दगडी उथळं बसवा. घर पाडायची गरज पडत नाही.

नवं घर बांधताना एवढं सांभाळा :

१) जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दीड-दोन फूट उंच ठेवा. खांब मातीत पुरू नका, उथळ्यावर उभा करा.

२) पागोळीचं पाणी कुडावर उडू नये म्हणून छप्पर दोन-अडीच फूट बाहेर काढा. कुडाचा तळ दगडी थरावर ठेवा आणि माती-शेणानं दोन्ही बाजूंनी लिंपा.

३) बांबू तीन-चार वर्षांचा, पावसाळ्यानंतर थंडीत तोडलेला घ्या. कोवळ्या बांबूला भुंगा लवकर लागतो. १०० लिटर पाण्यात अडीच किलो बोरॅक्स आणि अडीच किलो बोरिक आम्ल विरघळवून, पेरांना आतून भोकं पाडलेला बांबू आठ-दहा दिवस बुडवून ठेवा. मग सावलीत वाळवा. हे औषध पावसानं धुऊन जातं, म्हणून असा बांबू छपराखालीच वापरा. द्रावणापासून मुलं-गुरं लांब ठेवा.

४) वासे खांबांना आणि आढ्याला घट्ट जखडा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड जिल्ह्यात किती छपरं उडाली, ते आपण पाहिलंच आहे.

लाकूड आणायचं कुठून? आपल्या मालकीच्या जमिनीतला साग असला तरी तोडण्याआधी वनखात्याची परवानगी घ्या. जंगलाबाहेर लावलेल्या बांबूला २०१७ पासून भारतीय वन कायद्यात झाड मानत नाहीत. कर्नाळा अभयारण्यातली काडीसुद्धा तोडू नका. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी टाकते आणि वाळते. फुलोऱ्याच्या वर्षी बी गळेपर्यंत तिला हात लावू नका. आज बी गेलं तर पुढच्या पिढीचा कुड गेला, हे ध्यानात असू द्या.

तेव्हा मंडळी, पाऊस यायच्या आत एकदा खांबांच्या पायाशी बसा. घराचं आयुष्य तिथंच कळतं. राम राम!