एकाहून अधिक मॉनिटर आणि कळफलकाधारित वर्कस्पेस-बदल

वर्गातील संगणकास प्रोजेक्टर जोडला की तो दुसरा मॉनिटर ठरतो. अशा वेळी कळ दाबल्यावर कोणत्या पडद्यावर काय उमटेल, हे विंडो मॅनेजरच्या धोरणावर अवलंबून असते. लिनक्सवरील दोन विंडो मॅनेजरांच्या आधारे या भेदाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

समजा, प्राध्यापकासमोर गुणतक्ता व प्रोजेक्टरवर व्याख्यानाच्या स्लाइड आहेत. स्लाइडच्या वर्कस्पेसची कळ दाबल्यास एक्समोनॅड (२००७) मूळ मांडणीत दोहोंची अदलाबदल करतो. परिणामी गुणतक्ता विद्यार्थ्यांसमोर येतो. आयथ्री (२००९) मध्ये प्रत्येक वर्कस्पेस आपल्याच मॉनिटरवर राहते. केवळ कळफलकाचा ताबा तिकडे जातो. तथापि, त्यानंतर नवी वर्कस्पेस मागितल्यास ती प्रोजेक्टरवरच उघडते.

यावर उपाय दोन. पहिला, संरचना-फाइलीत खासगी वर्कस्पेस संगणकाच्या पडद्याशी बांधून ठेवणे. दुसरा, आयथ्रीकडून प्रत्येक वर्कस्पेसचा मॉनिटर सांगणारी यादी जेसॉन स्वरूपात मिळते. ती तपासूनच बदलाची आज्ञा देणारी छोटी स्क्रिप्ट कळेशी जोडणे.

सारांश, वर्कस्पेसचे स्थान कोण ठरवतो, हे जाणल्यावाचून लिहिलेली स्क्रिप्ट वेग देईल. गोपनीयतेची हमी मात्र देणार नाही.