विश्लेषण : म्हाताऱ्या, अपंग कुत्र्यांसाठी ‘बाबागाडी’… लाड की गरज?

लोणावळा, खंडाळा आणि पवना धरणाच्या परिसरात शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून येणाऱ्या अनेक कुटुंबांसोबत आता घरचा कुत्राही असतो. त्याला सोबत आणू देणारे बंगले आणि रिसॉर्टही येथे आहेत. मात्र हाच कुत्रा दहा-बारा वर्षांचा झाला आणि मागचे पाय ओढू लागला, की त्याचे फिरणे आधी कमी होते आणि मग बंदच पडते. अशा कुत्र्यांना बाहेर नेण्यासाठी बाबागाडीसारखी चाकांची गाडी, म्हणजे ‘पेट स्ट्रोलर’, आता ऑनलाइन सहज मिळते. ती नेमकी कोणासाठी, मावळातील चढउतार आणि पावसात ती किती उपयोगाची आणि तिच्यामुळे नुकसानही होऊ शकते का, याविषयी…

कुत्रा म्हातारा कधी होतो?

हे जातीवर आणि वजनावर अवलंबून असते. ग्रेट डेनसारखे मोठे कुत्रे सहा-सात वर्षांतच उतरणीला लागतात. लॅब्रेडॉरमध्ये आठव्या वर्षाच्या आसपास खुणा दिसू लागतात, तर पॉमेरेनियन, डॅशहुंडसारखे लहान कुत्रे दहा वर्षांपर्यंत तरतरीत असतात. अपेक्षित आयुष्याचा शेवटचा पाव भाग म्हणजे वार्धक्य, असा ढोबळ हिशेब पशुवैद्यकात केला जातो. उठताना वेळ लागणे, जिना टाळणे, फरशीवर पाय घसरणे, फिरून परतताना मध्येच बसणे ही सुरुवातीची लक्षणे. ‘वय झाले’ म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. प्रत्यक्षात बहुतेकदा त्यामागे दुखणे असते.

चालणे कशामुळे थांबते?

सर्वात मोठे कारण सांध्यांची झीज. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड यांच्यात वाढीच्या वयात खुब्याच्या सांध्याची सदोष वाढ होऊ शकते आणि ती उतारवयात त्रास देते. लांब पाठीच्या डॅशहुंडमध्ये मणक्यातील चकती सरकून मागचे पाय अचानक लुळे पडतात. जर्मन शेफर्डमध्ये मज्जारज्जूचा हळूहळू वाढणारा आजारही आढळतो. याशिवाय डिस्टेंपरनंतर राहिलेला अशक्तपणा, अपघात, हृदयविकार, मोतीबिंदू अशी कारणे असतात. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उन्हात चालताना धापच लागते.

म्हणूनच गाडी मागवण्याआधी तपासणी आवश्यक ठरते. सांधेदुखीवर औषधे आहेत. अचानक आलेल्या लुळेपणात तर पहिले काही तास महत्त्वाचे असतात. घरातील आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा पॅरासिटामॉल मात्र मनाने देऊ नये. कुत्र्याच्या पोटावर, मूत्रपिंडावर आणि यकृतावर त्यांचा घातक परिणाम होऊ शकतो.

चालता येत नाही, तर बाहेर न्यायचे कशाला?

कुत्र्याचे फिरणे म्हणजे केवळ पायांचा व्यायाम नव्हे. वास घेणे, इतर कुत्री पाहणे, रोजचा रस्ता ओळखणे हा त्याच्या दिवसाचा मोठा भाग असतो. घरात अडकलेला म्हातारा कुत्रा दिवसभर झोपतो, रात्री जागतो, विनाकारण भुंकतो. गाडीचा खरा उपयोग येथे होतो. घरापासून मैदानापर्यंत गाडीतून न्यायचे, गवतावर उतरवायचे, जमेल तितके चालू द्यायचे, वास घेऊ द्यायचा आणि थकला की पुन्हा गाडीत बसवायचे. दहा मिनिटेच चालू शकणाऱ्या कुत्र्याची ती दहा मिनिटे डांबरी रस्त्यावर खर्ची पडत नाहीत.

स्ट्रोलर आणि व्हीलचेअर यांत फरक काय?

स्ट्रोलरमध्ये कुत्रा बसतो आणि माणूस ढकलतो. व्हीलचेअर मागच्या धडाला पट्ट्यांनी बांधली जाते आणि कुत्रा पुढच्या पायांनी स्वतः चालतो. पुढचे पाय भक्कम असतील आणि केवळ मागचे लुळे असतील, तर व्हीलचेअर अधिक चांगली. स्नायू टिकून राहतात. मात्र ती मापाने बनवावी लागते आणि चुकीच्या मापाने जखमा होतात. चारही पाय अशक्त असतील, हृदयविकार असेल, शस्त्रक्रियेनंतर विश्रांती सांगितली असेल, तर स्ट्रोलर बरी. केवळ मागच्या पायांना थोडा आधार हवा असेल, तर पोटाखालून घेतलेला पंचा किंवा जुनी ओढणीही चालते.

मावळात ती चालेल कुठे?

तळेगाव, वडगाव, कामशेत येथील गृहसंकुलांच्या अंतर्गत रस्त्यांवर अडचण नाही. लोणावळ्यातील बंगल्यांच्या शांत गल्ल्यांतही सकाळी लवकर फिरता येते. बाजारपेठ आणि जुना मुंबई-पुणे महामार्ग मात्र सुट्टीच्या दिवशी टाळलेलाच बरा. तेथे माणसांनाच चालायला जागा नसते. कार्ला लेणी, भाजे आणि लोहगड येथे पायऱ्या असल्याने गाडीचा उपयोग नाही. टायगर पॉइंट, लायन्स पॉइंटच्या पठारावर जागा मोकळी आहे. पण वारा, धुके आणि कड्याची धार लक्षात घेता कड्यापासून दूरच राहावे.

या भागात उतार हा मोठा प्रश्न. ३० किलोचा लॅब्रेडॉर आणि १० किलोची गाडी म्हणजे ४० किलोचे ओझे चढावर ढकलायचे आणि उतारावर आवरायचे. त्यामुळे दांड्याला जोडलेला पट्टा मनगटात अडकवणे आणि थांबताच ब्रेक लावणे सक्तीचे समजावे.

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. प्लास्टिकचे आवरण पूर्ण बंद केले तर आत हवा कोंडते. भिजलेल्या गादीमुळे आधीच पडून राहणाऱ्या कुत्र्याच्या त्वचेला जखमा होतात. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, त्यामुळे लसीकरण पूर्ण हवे. पर्यटनस्थळांवरील माकडे आणि भटकी कुत्री यांच्यासाठी जाळीचे झाकण उपयोगी पडते. जंगलालगत अंधारात फिरणे टाळावे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले येथे झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात सर्वाधिक, म्हणजे वजनाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा आढळला होता, आणि मावळातही बिबट्यांचा वावर आहे.

निवडताना काय पाहावे?

बाजारातील अनेक गाड्या लहान कुत्र्यांसाठी असतात. त्यामुळे कुत्र्याचे वजन आणि नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी मोजूनच मागवावी. त्याला आत आडवे होता आणि वळता आले पाहिजे. लहान प्लास्टिकची चाके खडीत आणि गतिरोधकांवर अडकतात. मावळातील रस्त्यांसाठी मोठी, हवा भरलेली चाके हवीत. तळ कडक, त्यावर न घसरणारी आणि धुता येणारी गादी असावी. जड कुत्र्याला उचलण्यापेक्षा खाली उघडणारे दार आणि उताराची फळी बरी. माणसाची पाठही वाचते. आतला पट्टा गळपट्ट्याला न अडकवता छातीच्या हार्नेसला लावावा. कुत्र्याने उडी मारली तर फास बसत नाही.

सवय लावताना पहिले दोन-तीन दिवस गाडी घरातच उघडी ठेवावी, आत त्याचे अंथरूण आणि खाऊ ठेवावा. मग घरातल्या घरात, नंतर अंगणात. धाप, थरथर, लाळ गळणे दिसले तर थांबावे. गाडीत बसला म्हणजे ऊन लागत नाही, असे नाही. उन्हाळ्यात कापडी छताखालीही उष्णता साठते, म्हणून पाणी सोबत हवेच.

गाडीमुळे नुकसान होऊ शकते का?

होऊ शकते. चालू शकणाऱ्या कुत्र्याला सोयीसाठी रोज गाडीतून नेले तर स्नायू झिजतात आणि वजन वाढते. वजन हा सांध्यांचा शत्रू. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉरवर जन्मभर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, भावंडांपेक्षा २५ टक्के कमी खाणारे कुत्रे सरासरी १.८ वर्षे जास्त जगले. त्यांच्यात सांध्यांचे आजारही उशिरा दिसले.

उपचारांची सोय कुठे?

गावोगावचे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने प्रामुख्याने गाई-म्हशींसाठी असतात. कुत्र्यांच्या हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी मावळातून पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि साताऱ्याच्या वाटेवरील शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय या सरकारी संस्था. रतन टाटा यांना आपल्या कुत्र्याच्या सांध्यावरील शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठ गाठावे लागले होते आणि तोवर उशीर झाला होता, हे त्यांनीच सांगितले होते. २०२४ मध्ये मुंबईत महालक्ष्मी येथे टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले.

मग हे लाड आहेत का?

दक्षिण कोरियात ‘जीमार्केट’ या संकेतस्थळावर २०२३ मध्ये विकल्या गेलेल्या एकूण बाबागाड्यांपैकी ५७ टक्के पाळीव प्राण्यांसाठीच्या होत्या. घटत्या जन्मदराच्या त्या देशात हा टीकेचा विषय झाला. आपल्याकडचा प्रश्न वेगळा आहे. हौसेने आणलेला कुत्रा आजारी पडला की त्याला दूर कुठेतरी सोडून येणारेही आहेत. भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड केवळ १० ते ५० रुपये. धडधाकट कुत्र्याला गाडीत मिरवणे हा लाड असेल. उठता न येणाऱ्या कुत्र्याला रोज अर्धा तास बाहेर नेणे ही पाळण्याच्या जबाबदारीचीच पुढची पायरी आहे. ज्याला गाडीतही वेदना होतात, जो खाणे सोडतो, परिचितांनाही ओळखत नाही, त्याच्याबाबत मात्र गाडीऐवजी वेदना कशा कमी करता येतील, हे पशुवैद्याशी मोकळेपणाने बोलावे लागते.