कष्टाचं ‘चीज’!

मैत्रिणींनो, शेवटचे चार घास ताक-भाताचे पोटात गेले नाहीत, तर जेवण झाल्यासारखं वाटतच नाही ना? फ्रान्समध्येही बऱ्याच घरांत असंच काहीसं असतं. तिथे मुख्य जेवण आटोपलं, की गोडाच्या आधी पानात येतं चीज आणि सोबत पाव.

आपल्याला चीज माहीत आहे ते मुलांच्या सँडविचवर किसायचं. तिथे मात्र गावागणिक त्याची चव बदलते. दक्षिणेकडच्या रोकफोर गावात मेंढीच्या दुधाचं चीज डोंगरातल्या गुहांमध्ये मुरतं, आत निळसर बुरशीच्या रेषा घेऊन. पूर्वेच्या ज्युरा डोंगरात शेतकरी आपापलं दूध एकत्र करून चाकाएवढं कोंते चीज बनवतात. एका चाकाला सुमारे ४०० लिटर दूध लागतं!

पण घरोघरी पोचलं ते नॉर्मंडीचं कामाम्बेर. कामाम्बेर हे तिथलं एक चिमुकलं खेडं. असं सांगतात, की १७९१च्या सुमारास, फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, मारी आरेल या शेतकरीण बाईने एका धर्मगुरूकडून ही कृती शिकून घेतली. इतिहासकारांना ही गोष्ट तंतोतंत पटत नाही, पण तिच्या मुला-नातवंडांनी हे चीज दूरवर नेलं एवढं खरं. जवळच्या विमुतिए गावात १९२८ साली तिचा पुतळा उभा राहिला. १९४४च्या बॉम्बवर्षावात तो मोडला, तेव्हा अमेरिकेतल्या ओहायोच्या चीज कारखान्यातल्या कामगारांनी नवा पुतळा दिला. तो १९५३ साली बसवला. राजाचा नाही, सेनापतीचा नाही. चीज करणाऱ्या बाईचा पुतळा!

हे चीज करायचं, तर हवं न तापवलेलं दूध. ते कोमट करून वासराच्या जठरातल्या पाचकरसाने जमवतात. कवडीसारखं घट्ट लागलं, की पळीने साच्यात ओततात. एकदम नाही बरं का! थोड्या थोड्या वेळाने, निदान पाच पळ्या. पाणी निथळलं की मीठ लावायचं. मग वर पांढरी बुरशी धरते आणि तीनेक आठवडे ते मुरत ठेवतात.

कारखान्यांना एवढी सवड कुठली? तापवलेल्या दुधाचं, यंत्रावरचं चीज झटपट होतं आणि स्वस्तही पडतं. (गरोदरपणी कच्च्या दुधाचं मऊ चीज टाळावं, असं डॉक्टर सांगतात, हेही खरं.) म्हणून १९८३ मध्ये नियम झाला, की ‘नॉर्मंडीचं कामाम्बेर’ हे नाव फक्त जुन्या पद्धतीच्या चीजला. २०१८ मध्ये तापवलेल्या दुधालाही ते नाव देण्याची तडजोड पुढे आली. छोट्या उत्पादकांनी विरोध केला आणि २०२० मध्ये ती बारगळली.

भांडण चवीचं होतंच, पण त्याहून जास्त नावाचं होतं. पाच पळ्या सावकाश ओतणाऱ्या हातांना त्यांचं नाव राहिलं. कष्टाचं चीज झालं, ते असं!