आवडीच्या कामाची मुदत संपते तेव्हा
मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली. शिक्षणानुसार दरमहा ६, ८ किंवा १० हजार रुपये विद्यावेतन. प्रशिक्षणाची मुदत आधी ६ महिने, नंतर ११. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन-मंठ्याकडच्या ज्या तरुणांना या योजनेतून मिळालेलं शाळेतलं, ग्रामपंचायतीतलं काम मनापासून आवडलं, त्यांचं दुःख पैशापुरतं नसतं. सकाळी आवरून निघणं, पोरांनी ‘सर’, ‘मॅडम’ म्हणणं, गावात मिळालेली ओळख, सगळं एका तारखेला थांबतं. मुदत संपली म्हणजे माणूस नापास झाला असं नाही, हे घरच्यांनीही समजून घ्यावं. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मागून घ्या, केलेली कामं लिहून काढा, सोबत्यांशी बोलणं ठेवा. झोप, भूक उडाली असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीत बोला. ही सेवा मोफत आहे आणि चोवीस तास सुरू असते.