जे पंक्चर काढावयाचे नसते

पावसाळा सरत आला म्हणजे बेळगावाहून जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला घाट या मार्गाने गोव्यास उतरणाऱ्या रस्त्याची काय अवस्था होते, हे त्या वाटेने जाणाऱ्यांस निराळे सांगावयास नको. अशाच एका सप्टेंबरात जांबोटीच्या अलीकडे आमच्या मोटारीचे पुढचे डावे चाक पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात आदळले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो चाक बसलेले. टायर जेमतेम चार महिन्यांचा, नक्षी अगदी कोरी. पण त्याच्या बाजूच्या भिंतीवर, रिमपासून तीन बोटे अंतरावर, नखाएवढी चीर पडली होती.

आमच्या वस्तीजवळ टायरचे काम करणारे एक मिस्त्री आहेत. वय साठीच्या घरात, बोलणे मोजके. त्यांनी चाक फिरवून पाहिले, चिरेवर अंगठा दाबला आणि म्हणाले, "फादर, हे पंक्चर मी काढणार नाही."

"का बरे? एवढी लहान तर चीर आहे!"

"तळात खिळा गेला असता तर वीस मिनिटांत काढून दिले असते. ही चीर भिंतीत आहे. नवा टायर घ्या, नाहीतर सध्या स्टेपनी लावून देतो."

खरे सांगावयाचे तर मला राग आला. नव्या टायरची किंमत डोळ्यांपुढे उभी राहिली, आणि हा मनुष्य माल खपविण्यासाठी असे म्हणत असावा, असा हीन विचारही मनात येऊन गेला. मी चाक उचलले आणि दुसऱ्या एका दुकानी गेलो. तेथे कोणीही काही विचारले नाही. दहा मिनिटांत चिरेत रबराची दोरी खुपसून, वरची शेपटी कापून, हवा भरून चाक माझ्या स्वाधीन झाले. शे-दीडशे रुपयांत काम भागले, म्हणून मी स्वतःच्या हुशारीवर खूश झालो.

चौथ्या दिवशी एका वृद्ध बाईंना डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी गोव्यातील रुग्णालयात न्यावयाचे होते. मागच्या आसनावर त्या आणि त्यांची कन्या. चोर्ला घाट उतरताना एका वळणावर मोठा आवाज झाला, मोटार डावीकडे खेचली गेली आणि चक्र हातात थरथरू लागले. वेग कमी होता आणि त्या वळणावर डावीकडे दरी नव्हती, डोंगराची कड होती. म्हणून हा लेख लिहिण्यास मी उरलो आहे. पुढे आणखी एक फजिती. स्टेपनी काढून लावली तर तिच्यातही हवा नाही! कित्येक महिन्यांत तिच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते. शेवटी एका मालमोटारीच्या चालकाने आपल्या गाडीच्या हवेच्या ब्रेकच्या टाकीला नळी जोडून आमच्या चाकात हवा भरून दिली, तेव्हा आमची सुटका झाली. तोवर दोन तास गेले होते. बाईंची त्या दिवशीची शस्त्रक्रिया चुकली आणि पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. त्या माउलीने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. पण तीन आठवड्यांचा तो अंधार माझ्या काटकसरीमुळे तिच्या वाट्यास आला, हे मला विसरता येत नाही.

परतल्यावर मी तो टायर घेऊन मिस्त्रींकडे गेलो. "मी सांगत होतो ना!" असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी टायर रिमवरून उतरविला, आतली बाजू माझ्याकडे वळविली आणि विजेरीचा झोत टाकला. चिरेच्या दोन्ही अंगांनी तुटलेले धागे केसांसारखे बाहेर आले होते.

"हे पाहा. हवा रबर धरीत नाही फादर, हे धागे धरतात."

या एका वाक्यात टायरचे सारे शास्त्र आले. आपणांस टायर म्हणजे रबराचे कडे वाटते. परंतु त्याचा खरा सांगाडा धाग्यांचा असतो. रिमला घट्ट पकडणाऱ्या दोन्ही कडांत पोलादी तारांची कडी असतात. मोटारीच्या रेडियल टायरमध्ये एका कडीपासून दुसऱ्या कडीपर्यंत पॉलिएस्टरसारखे मजबूत धागे आडवे घातलेले असतात. रस्त्याला टेकणाऱ्या तळाखाली त्यांवर पोलादी तारांचे पट्टे येतात. तळात खिळा शिरला तर हे पट्टे आजूबाजूचा भाग आवळून धरतात, आणि म्हणूनच तेथील भोक बुजविता येते. बाजूच्या भिंतीत असे पट्टे नसतात. तेथे केवळ धागे आणि रबर, आणि तीच जागा क्षणोक्षणी वाकत असते. साधारण मोटारीचे चाक एका किलोमीटरला सुमारे पाचशे फेरे घेते. म्हणजे ताशी साठ किलोमीटर वेगाने जाताना भिंतीचा प्रत्येक भाग सेकंदाला आठ वेळा दबतो आणि पुन्हा सरळ होतो. तुटलेल्या धाग्यांच्या जागी खुपसलेली रबराची दोरी हा मार किती काळ सोसणार?

मग तळातील पंक्चर कसे काढावे? नळी नसलेल्या, म्हणजे ट्यूबलेस, टायरमध्ये बाहेरून दोरी खुपसणे हा वाटेतला तात्पुरता उपाय होय. पक्के काम करावयाचे तर टायर रिमवरून उतरवावाच लागतो. खिळा बाहेरून बोटाएवढा दिसतो, पण आत त्याने किती नासधूस केली हे उतरविल्यावाचून कळत नाही. कमी हवेवर काही अंतर चाललेल्या टायरच्या आत तर रबराचा चुरा झालेला आढळतो, आणि असा टायर टाकूनच द्यावा लागतो. भोक सहा मिलिमीटरपेक्षा मोठे नसेल आणि तळाच्या मधल्या भागात असेल, तरच दुरुस्ती करावी. भोक साफ करून, आतली बाजू घासून, तीवर सोल्यूशन लावून ते नीट वाळू द्यावयाचे. मग देठ असलेले, छत्रीच्या आकाराचे ठिगळ आतून बाहेर ओढून बसवावयाचे. देठाने भोक बुजते आणि छत्रीने आतून हवा अडते. देठ नसेल तर भोकातून पाणी पोलादी पट्ट्यांपर्यंत जाऊन त्यांस गंज चढतो. छत्री नसेल तर हवा हळूहळू निसटते. दोहोंपैकी एकावर भागवू नये.

त्या दिवशी मी नवे दोन टायर घेतले आणि ते बसविताना बाजूस उभा राहून पाहत राहिलो. मिस्त्रींनी आधी टायरच्या भिंतीवरील अक्षरे मला वाचून दाखविली. 165/80 आर 14 असे लिहिले असेल, तर रुंदी 165 मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा 80, आर म्हणजे रेडियल, आणि रिमचा व्यास 14 इंच. आणखी एक चार आकडी संख्या असते. 2324 याचा अर्थ 2024 सालच्या तेविसाव्या आठवड्यात हा टायर तयार झाला. नवा म्हणून विकला जाणारा टायर दुकानात किती वर्षे पडून होता, हे ग्राहकास या चार आकड्यांवरून कळते; कारण रबर न वापरताही म्हातारे होते.

जुना टायर उतरल्यावर त्यांनी रिमची कड तारेच्या ब्रशाने घासून गंज काढला, हवेचा व्हॉल्व नवा घातला, टायरच्या कडांस साबणाचे पाणी लावले आणि यंत्रावर टायर चढविला. हवा भरताना लागोपाठ दोन 'फट्' असे आवाज आले. दोन्ही कडा रिमवर बसल्याची ती खूण. त्या वेळी ते चाकावर ओणवे झाले नव्हते. मालमोटारीच्या चाकात हवा भरताना कडी निसटून माणसे मेली आहेत, म्हणून तशी चाके लोखंडी पिंजऱ्यात ठेवून दुरूनच हवा भरावयाची असते, असे त्यांनी आपल्या शिकाऊ मुलास माझ्यादेखत पुन्हा एकदा बजावले. नंतर चाक यंत्रावर गरगर फिरवून, जी बाजू हलकी भरली तेथे लहानसे वजन लावले. हे बॅलन्सिंग होय. ते न केल्यास वेगात चक्र थरथरते आणि टायर जागोजाग झिजतो. नट प्रथम हातानेच फिरविले, मग एकाआड एक असे समोरासमोरचे आवळले. आणि चाक जमिनीस टेकल्यावर अखेरची आवळणी जोर मोजणाऱ्या पान्ह्याने केली. "शंभर किलोमीटरच्या आत एकदा येऊन नट तपासून घ्या," ही शेवटची सूचना.

एका गोष्टीचे मला नवल वाटले. फाटला होता पुढचा टायर. पण मिस्त्रींनी नवी जोडी मागे बसविली आणि मागची चांगली जोडी पुढे आणली. कारण विचारता ते म्हणाले, "ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली तर वेग कमी करून गाडी सावरता येते. मागची घसरली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते. मग तुम्ही काय करणार?"

वाचकहो, हवेने भरलेल्या या चाकाचा इतिहास फार जुना नाही. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने 1845 साली त्याचे पेटंट घेतले, पण ते मागे पडले. 1887 साली बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी पुन्हा तीच युक्ती काढली, आणि मग ती जगभर गेली. आपण ज्यास स्टेपनी म्हणतो, तो शब्दही वेल्समधील लॅनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तेथे 1904 साली डेव्हिस बंधूंनी जादा चाकाचा धंदा सुरू केला. गोव्यातील उसगाव आणि वडोदऱ्याजवळचे लिमडा येथे तर आपल्यापैकी कित्येकांच्या शेजारीच टायरचे मोठे कारखाने उभे आहेत. चाक घराजवळ तयार होते. त्याची निगा मात्र आपल्या घरात होत नाही, ही खेदाची गोष्ट.

ती निगा फारशी अवघड नाही. महिन्यातून एकदा, आणि लांबच्या प्रवासास निघण्यापूर्वी, चाके थंड असताना हवा तपासावी. किती हवा हवी, हे चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिठ्ठीवर लिहिलेले असते. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा हा कमाल मर्यादेचा असतो, तो धरू नये. हवा कमी असली की भिंत अधिक वाकते, वाकल्याने तापते आणि तापून फाटते. तळाच्या खाचांत मधूनमधून लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीस आली, म्हणजे खोली 1.6 मिलिमीटरवर आली असे समजावे आणि टायर बदलावा. कारण त्या खाचांतूनच पावसाचे पाणी बाहेर निघते. भिंतीवर फुगा दिसला तर आतले धागे तुटले आहेत, एवढे जाणून मोटार उभी करावी. आणि स्टेपनीस विसरू नये. 2020 साली केंद्र शासनाने नियम बदलल्यापासून, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखविणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचे साहित्य असलेल्या लहान मोटारींस स्टेपनीची सक्ती राहिलेली नाही. तेव्हा आपल्या मोटारीत ती आहे की नाही, हे घाटात नव्हे, घरीच पाहून ठेवावे.

एका मोटारीचा सारा भार, आणि तीत बसलेल्या कुटुंबाचा जीव, तळहाताएवढ्या चार जागांवर टेकलेला असतो. त्या चार तळहातांची काळजी वाहणारा मनुष्य बहुधा रस्त्याच्या कडेस, काळवंडलेल्या कपड्यांत, गुडघे टेकून बसलेला आपण पाहतो आणि त्याच्याशी पाच-दहा रुपयांसाठी हुज्जत घालतो. त्याने 'होय' म्हटले की तो चांगला. 'नाही' म्हटले की लबाड! परंतु त्या 'नाही'त त्याचे स्वतःचे त्या दिवसाचे शे-दीडशे रुपये बुडालेले असतात, हे आपल्या ध्यानात येत नाही. मी टायर त्याच्याकडूनच विकत घेईन अशी काय खात्री होती? मी तर त्या दिवशी त्याच्या दारातून रागाने निघूनच गेलो होतो.

त्या वृद्ध बाईंची शस्त्रक्रिया पुढे यथासांग पार पडली. दुसऱ्या खेपेस निघण्यापूर्वी मी मिस्त्रींकडे थांबलो. त्यांनी चारही चाके तपासली, पाचवे आठवणीने तपासले, आणि पैसे देऊ लागलो तेव्हा हात पुसत म्हणाले, "हवेचे कसले पैसे, फादर? म्हातारीला सांभाळून न्या."

बाईंनी खिडकीतून त्यांस हात जोडले. त्यांस तेव्हा नीट दिसत नव्हते; पण कोणास हात जोडावेत, हे त्यांस माझ्याआधी कळले होते.