मळीपासून पेट्रोल पंपापर्यंत

आज आपण गाडीत जे पेट्रोल भरतो, त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, म्हणजे अल्कोहोल, असते. उसापासून ते कसे तयार होते, हे क्रमाने पाहू. यात बहुतेक खटपट पाण्याशीच आहे.

१. मळी. साखरेचे दाणे काढून घेतल्यावर कारखान्यात उरणारा दाट, काळपट पाक म्हणजे मळी. सगळी साखर काढण्याआधीच बाजूला घेतलेल्या ‘बी-हेवी’ मळीतून टनामागे अल्कोहोल जास्त मिळते.

२. आंबवणे. इतक्या दाट पाकात यीस्ट तग धरत नाही, म्हणून मळीत पाणी घालतात. यीस्ट साखर खाते, अल्कोहोल तयार होते आणि टाकीवर तपकिरी फेस चढतो. इथे घात होतो तो उष्णतेने. आंबताना टाकी आपोआप तापते. पारा ३५ अंशांपुढे गेला की यीस्ट मलूल पडते, नको ते जीवाणू माजतात आणि साखर आम्लात वाया जाते. म्हणून टाक्या सतत थंड ठेवाव्या लागतात.

३. ऊर्ध्वपातन, म्हणजे उकळून वाफ वेगळी करणे. अल्कोहोल ७८ अंशांना उकळते, पाणी १०० अंशांना; त्यामुळे अल्कोहोल आधी वर येते. पण शुद्धता ९५ टक्क्यांच्या आसपास पोचली की घोडे अडते. पुढे दोन्ही एकाच प्रमाणात वाफ होऊन निघतात; कितीही उकळले तरी उपयोग नाही.

४. रेणूचाळणी. उरलेले पाणी झिओलाइट या खनिजाचे मणी टिपतात. त्यांच्या छिद्रांत पाण्याचा रेणू शिरतो, अल्कोहोलचा मोठा रेणू मात्र मावत नाही. आता शुद्धता ९९.५ टक्क्यांच्या वर जाते.

५. मिश्रण. तेल कंपनीच्या डेपोत हे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात. गाडीच्या टाकीत पाणी शिरले, तर ते अल्कोहोलला पेट्रोलमधून ओढून घेते आणि दोन्ही तळाशी बसतात. गाडीत नेमके तेच खेचले जाते नि इंजिन बंद पडते. म्हणून पावसाळ्यात टाकीचे झाकण घट्ट आहे ना, हे आपण पाहावे. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश असते, तेव्हा मायलेज थोडे घटणारच.

६. जळणापलीकडे. इथेनॉलच्या रेणूतून पाण्याचा एक रेणू काढला की इथिलीन मिळते. प्लास्टिकचा हा पाया एरवी खनिज तेलातल्या नाफ्थापासून बनतो. उत्तराखंडात काशीपूरला मळीच्या अल्कोहोलपासून याच वाटेने ग्लायकॉल हे रसायन बनवतातही. म्हणजे तेलाची जागा इंधन म्हणून आणि कच्चा माल म्हणून, दोन्हीकडे भरता येते. मात्र कारखान्यात काढलेल्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी ऊस शेतात पितो. हिशेब तिथून मांडायला हवा.